घरच्या वर्कशॉपसाठी सरफेस ग्राइंडर: जुना की नवा, आणि पाहायला गेल्यावर काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात घरामागे पत्र्याची शेड आहे, त्यात लेथ आणि छोटी मिलिंग आहे, वीज सिंगल फेज आहे. प्रेस टूलच्या प्लेटा, पॅरलल, व्ही-ब्लॉक अशी कामं ०.०१ मिमीच्या आत घरीच करायची आहेत. शेजारी यंत्रमागाचा कारखाना आहे. त्यासाठी सरफेस ग्राइंडर, म्हणजे फिरत्या व्हीलने पृष्ठभाग सपाट घासणारं मशीन, हवंय. पुण्याकडून जुनं एचएमटी किंवा प्रागाचं घ्यावं, की तेवढ्याच पैशात राजकोट-बटाल्याकडचं साधं नवं?

जुनं की नवं हे सगळ्यात शेवटी ठरवायचं. या मशीनमध्ये घरी सहजासहजी दुरुस्त न होणाऱ्या गोष्टी दोनच: स्पिंडल (व्हील फिरवणारा दांडा) आणि टेबलाच्या स्लाइड (ज्यांवर टेबल सरकतं). मोटर रिवाइंड होते, तेलाच्या नळ्या बदलता येतात, हँडल, स्क्रू, नट लेथवर करता येतात, जॉब धरणारा चुंबकी चक नवा मिळतो. स्लाइड झिजलेली असेल तर मात्र बेड पुण्याला स्लाइडवे ग्राइंडिंगला पाठवावा लागतो, मग स्क्रॅपिंग (हाताने खरवडून सपाट करणं), मग खाली बसलेलं टेबल वर उचलायला टर्साइट (स्लाइडवर चिकटवायची प्लास्टिकची पट्टी), आणि त्यानंतर रॅक-पिनियनची जुळणी पुन्हा. एवढा खर्च करून मशीन चांगलं होतंही, पण तोवर नव्याची किंमत ओलांडलेली असते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: चाचणीत उतरलेलं जुनं टूलरूम (साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागातलं) मशीन हे चाचणी न झालेल्या कोऱ्या मशीनपेक्षा चांगलं. आणि चाचणी घेण्याची सोय किंवा मापनसाधनं नसतील, तर जुन्याच्या वाटेला जाऊ नका.

आकाराचं आधी बघू. तुमच्या कामाला १५० × ४५० किंवा २०० × ४५० मिमीचं हाताने चालणारं टेबल पुरे. हायड्रॉलिक मशीन मोहात पाडतं, पण घरात त्याचे तोटे जास्त. पंपाचं तेल तापतं, त्याची टाकी बऱ्याचदा बेडमध्येच असते, आणि बेड तापला की तो वाकतो. सकाळी घासलेली प्लेट आणि दुपारी घासलेली प्लेट यांत फरक पडतो. दिवसाला चार-सहा जॉब करणाऱ्याला हाताचं टेबल पुरतं, आणि व्हील कुठे घासतंय ते हातालाही कळतं.

लांबी-रुंदीपेक्षा उंचीत लोक जास्त फसतात. कॅटलॉगमध्ये स्पिंडलच्या सेंटरपासून टेबलापर्यंत ३५० मिमी लिहिलेलं असेल, तर त्यातून २०० मिमी व्हीलची त्रिज्या १०० मिमी वजा करा, चकाची उंची साधारण ७५ मिमी वजा करा. उरले १७५. त्यावर ९० मिमी उंचीचा साइन व्हाइस (जॉब कोनात धरणारा शिकंजा) ठेवला की जॉबला ८५ मिमीच. ही वजाबाकी मशीन बघायला जाण्याआधी कागदावर करा. जागेचंही तसंच: टेबल दोन्ही बाजूंना बाहेर जातं, त्यामुळे ४५० च्या मशीनला आडवी सुमारे २ मीटर मोकळी जागा लागते आणि समोर उभं राहायला ९० सेंमी.

जुनी मशीनं सोलापूरला दोन बाजूंनी येतात. पश्चिमेला पुण्याचं भोसरी-चिंचवड, पूर्वेला हैदराबादचं बालानगर. दोन्हीकडे जाणारा हायवे एकच, ६५ क्रमांकाचा. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या बंद झालेल्या युनिटमधूनही अधूनमधून निघतात, आणि तिथलं मशीन चालू स्थितीत, मूळ जागेवर बघायला मिळतं हा मोठा फायदा. नावांमध्ये एचएमटीच्या अजमेर कारखान्याची ग्राइंडिंग मशीनं, सिकंदराबादच्या प्रागा टूल्सची, आणि कधी नशिबाने इंग्लंडचं जोन्स अँड शिपमन ५४० हाती लागतं. तिन्हींचं कास्टिंग भरपूर आणि वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. तरी नावावर पैसे देऊ नका. मशीनने आधी कुठे काम केलं हे जास्त महत्त्वाचं. टूलरूममधलं मशीन कमी तास, चांगल्या हाताखाली चाललेलं असतं. उत्पादनात तीन पाळ्या चाललेल्या मशीनच्या स्लाइडचा मधला भाग गेलेला असतो. शिक्षणसंस्थेतून निघालेलं मशीन फार चाललेलं नसतं, पण तेलाविना पडून गंजलेलं आणि शिकाऊ हातांनी चकावर व्हील आदळलेलं असू शकतं. नवा रंग मारलेलं मशीन दिसलं तर गिबचे (स्लाइडमधली फट जुळवणाऱ्या पट्टीचे) स्क्रू आणि तेलाची निप्पलं बघा. त्यांच्यावरही रंग चढला असेल तर आत कुणी हात घातलेला नाही.

बघायला जाताना सोबत न्यायचं सामान: ०.००१ मिमीचा लिव्हर डायल आणि मॅग्नेटिक स्टँड, ०–२५ चा एक मायक्रॉन (०.००१ मिमी) वाचणारा मायक्रोमीटर, मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी लेव्हल, ३०० मिमीचा खात्रीचा स्ट्रेट एज किंवा ग्रॅनाइट पॅरलल, एकाच रोलर बेअरिंगमधले दोन रोलर, २० मिमी जाडीचे एमएसचे पाच चौकोनी तुकडे, सिंगल पॉइंट डायमंड, ऑइलस्टोन, निळा मार्कर, टॉर्च. आणि विक्रेत्याला आधीच सांगा की मशीनला थ्री फेज जोडून ठेवा, किमान तासभर चालवून बघायचंय. "वीज नाही, पण मशीन एकदम ओके" असं उत्तर आलं तर ते मशीन भंगाराच्या वजनावर मागायचं, नाहीतर सोडायचं.

स्पिंडल आधी तपासा, तोही थंड असताना. व्हील हबसकट (ज्यावर ते बसतं त्या भागासकट) काढा. इथेच एक गोष्ट कळते: हब ओढायचा पुलर आणि किमान एक जास्तीचा हब मशीनसोबत आहे का? नसेल तर टेपर मोजून नवे हब करून घ्यावे लागतील, ते भावात धरा. टेपर स्वच्छ पुसा, त्यावर डायल लावून स्पिंडल हाताने फिरवा. धाव (फिरताना काट्याची हालचाल) २–३ मायक्रॉनच्या आत हवी. मग स्पिंडलच्या नाकाखाली लाकडी दांडा घालून १०–१५ किलोच्या जोराने उचला. डायल दोन-तीन मायक्रॉन हलून परत जागेवर आला तर ठीक. १० मायक्रॉन हलला किंवा परत आलाच नाही तर बेअरिंग संपलेलं आहे. तसंच पुढे-मागे ओढून बघा. बाजूने घासताना खांद्याची फिनिश या आडव्या खेळावर अवलंबून असते.

आता चालू करायचं, पण व्हील न बसवता. थ्री फेज नव्याने जोडलेलं असेल तर फिरण्याची दिशा उलटी असू शकते. उलट्या दिशेने सुरू झालं तर नट सुटून व्हील निसटण्याचा धोका असतो, आणि जुन्या मशीनमधली ब्राँझच्या बुशची बेअरिंग उलट फिरल्यावर तेलाचा थर धरत नाहीत. अशा बुशच्या स्पिंडलला तेलाच्या काचेत पातळी दिसल्याशिवाय बटण दाबू देऊ नका. त्यात पातळ स्पिंडल ऑइल लागतं, व्हीजी १० च्या आसपासचं. कुणी त्यात इंजिन ऑइल ओतलेलं असेल तर स्पिंडल तापतो, आणि दुकानदार "जुनं आहे, गरम होणारच" म्हणतो. होणार नाही. ४५ मिनिटांनी बेअरिंगच्या घराचं तापमान खोलीपेक्षा २०–२५ अंशांनी जास्त, इतपत चालतं. सोलापूरच्या मे महिन्यात खोलीच ४२ अंशांवर असते, त्यामुळे हात लावून ठरवू नका. इन्फ्रारेड थर्मामीटरने फरक मोजा. बंद केल्यावर स्पिंडल निवांत थांबला पाहिजे. थांबता थांबता खरखर आली तर बॉल बेअरिंगच्या रेसवर खड्डे आहेत. चटकन थांबला तर बेअरिंग आवळून दोष लपवलेला असण्याची शक्यता मोठी.

बेअरिंग बदलता येतात, हे खरं. पण ती पी४ दर्जाची अँग्युलर कॉन्टॅक्ट, जुळवलेली जोडी लागते. त्याच मापाची साधी बेअरिंग घालून दिलेलं मशीन पहिल्याच फिनिश पासला पट्टे पाडतं. पट्ट्यावर चालणारा स्पिंडल असेल तर घरी हे काम जमण्याजोगं आहे. मोटरचा रोटरच स्पिंडलवर असलेलं मशीन घरासाठी टाळावं असं मला वाटतं, कारण रिवाइंडिंगवाल्याकडे स्पिंडल उघडा पडतो आणि तिथली धूळ आणि हातोडी दोन्ही त्याच्या शत्रू आहेत.

स्लाइडच्या तपासणीत सर्वात मोठी फसगत होते, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. व्हीलहेडला (स्पिंडल धरणाऱ्या वरच्या भागाला) डायल लावायचा, चकावर टेकवायचा, टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि काटा हलला नाही की खूश व्हायचं, असं बहुतेक जण करतात. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. चक त्याच मशीनवर, त्याच झिजलेल्या स्लाइडवर घासलेला असतो. स्लाइडचा बाक चकावर उमटलेला असतो, त्यामुळे डायल शून्यच दाखवणार. पाच तुकडे चार कोपऱ्यांत आणि मध्ये ठेवून घासायचे आणि जाडी मोजायची, ही चाचणीही याच कारणाने स्लाइडबद्दल गप्प राहते. चक आणि टेबलाची वाट दोन्ही सारखेच बाकदार असतील तर जाडी सगळीकडे सारखी येते आणि लांब प्लेट मात्र केळीसारखी निघते.

म्हणून मापाची पट्टी बाहेरून न्यायची. मॅग्नेट बंद. चकावर दोन रोलर ठेवा, त्यांवर ३०० मिमीचा स्ट्रेट एज, दोन्ही टोकांपासून साधारण ६५ मिमी आत टेकवलेला. तिथे टेकला की तो स्वतःच्या वजनाने कमीत कमी झुकतो. व्हीलहेडवरचा डायल स्ट्रेट एजच्या एका टोकाला शून्य करा, टेबल सरकवून दुसऱ्या टोकाला बघा, गरज असेल तर एका रोलरखाली कागद घालून दोन्ही टोकं शून्यावर आणा. आता मध्ये काय दिसतं? ५ मायक्रॉनपर्यंत असेल तर मशीन उत्तम. १० पर्यंत असेल तर तुमच्या कामाला चालेल, पण भाव पाडा. २० च्या वर असेल तर मशीन सोडा, मग विक्रेता कितीही कमी करो. त्यानंतर लेव्हल टेबलावर ठेवून टेबल डावीकडे, मध्ये, उजवीकडे न्या आणि प्रत्येक ठिकाणी बुडबुडा वाचा. एकाच कामाला जुंपलेली मशीनं बहुधा मधल्या १००–१५० मिमीतच चाललेली असतात. मध्ये टेबल सैल आणि टोकांना जड लागत असेल तर झीज तिथेच आहे. टेबल बॉल किंवा रोलरवर चालणारं असेल तर टोकाला हलकेच उचलून बघा, आणि चालवताना बारीक गचके लागतात का ते बोटांनी चाचपा; वाहतुकीत आदळलेल्या मशीनच्या ट्रॅकवर बॉलचे ठसे उमटतात.

पाच तुकड्यांची चाचणी मग घ्यायचीच, पण वेगळ्या कारणासाठी. व्हील ड्रेस करा (डायमंडने घासून ताजं करा), तुकडे चकावर ठेवा, निळा मार्कर फिरवा, ५ मायक्रॉनचे पास घेत निळं पूर्ण जाईपर्यंत घासा, शेवटी खाली न आणता दोन-तीन पास ठिणग्या थांबेपर्यंत. सगळ्या तुकड्यांची जाडी ५ मायक्रॉनमध्ये असेल तर हेड घासण्याच्या काळात सरकत नाही, स्पिंडल तापून उतरत नाही, आणि चक नीट बसलेला आहे. एकच तुकडा वेगळा आला तर त्याखाली कण होता, पुन्हा करा. क्रमाने जाडी कमी-कमी होत गेली तर हेड हळूहळू खाली येतंय.

हेडची ही सवय स्वतंत्रपणे तपासा. डायल टेबलावर, टोक हेडच्या खाली. डाउनफीड (हेड खाली आणणारं चाक) १० मायक्रॉनने खाली, मग पुन्हा १०, असं दहा वेळा. चांगल्या मशीनवर प्रत्येक वेळी काटा १० च्या जवळपास हलतो. कॉलमची स्लाइड कोरडी असेल किंवा गिब आवळलेला असेल तर तीन वेळा काहीच होत नाही आणि चौथ्या वेळी हेड ३०–४० मायक्रॉन एकदम बसतं. काम करताना हेच झालं तर व्हील जॉबमध्ये घुसतं, प्लेट निळी पडते आणि कधी कधी जॉब चकावरून उडतो. समाधान एवढंच की हा दोष बऱ्याचदा साफसफाई, व्हीजी ६८ चं स्लाइडवे ऑइल आणि गिबच्या जुळणीने जातो. त्यामुळे हा दोष भाव पाडायला घ्या, नकाराला नको. क्रॉसफीडच्या (टेबल पुढे-मागे नेणाऱ्या) स्क्रूतला खेळ तर अजिबात मनावर घेऊ नका.

चकाबद्दल दोन शब्द. परमनंट मॅग्नेटचा चक घराला बरा. वीज गेली तरी जॉब धरून राहतो आणि तो स्वतः तापत नाही. इलेक्ट्रोमॅग्नेटिक असेल तर त्याचा डीसी सप्लाय चालतो का बघा. वरच्या प्लेटची किती जाडी शिल्लक आहे हे बाजूने दिसतं. फार वेळा घासून पातळ झालेला चक खोल ओरखड्यांसह येत असेल तर तो धरू नका, नवा घ्या.

आता नव्याची बाजू. राजकोट आणि बटाल्याकडची साधी मशीनं सगळीच वाईट नसतात, पण त्यांच्यात फरक खूप असतो, अगदी एकाच कारखान्याच्या दोन मशीनमध्येसुद्धा. स्वस्त मशीनमध्ये वाचवलेले पैसे कास्टिंग मुरवण्यात, स्क्रॅपिंगमध्ये आणि स्पिंडल बेअरिंगमध्ये वाचवलेले असतात. हे तिन्ही डोळ्यांना दिसत नाही. वर चंद्रकोरीच्या आकाराची सुंदर स्क्रॅपिंगची नक्षी दिसेल; ती कधी कधी फक्त दिखाव्यासाठी असते. न मुरलेलं कास्टिंग वर्षभर थोडं थोडं हलत राहतं, म्हणून नव्या मशीनची वरची स्ट्रेट एजची चाचणी आल्यावर आणि सहा महिन्यांनी अशी दोनदा घ्यायची.

नवं घेणार असाल तर आगाऊ रक्कम देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. पहिली: टेस्ट चार्टवर प्रत्यक्ष मोजलेले आकडे हवेत, नुसतं "मर्यादेत" नको. दुसरी: तुमचंच मशीन, तुमच्यासमोर, दोन तास चालवून, पाच तुकडे आणि स्ट्रेट एज या दोन्ही चाचण्या. तिसरी: भावात काय काय येतं. चक, दोन हब, पुलर, ड्रेसर, कुलंट टाकी हे सगळं वगळून सांगितलेला भाव ऐकायला छान वाटतो. शिवाय १८ टक्के जीएसटी. तुम्ही नोंदणीकृत नसाल तर तो परत मिळत नाही. जुनं असो की नवं, एकूण बजेटचा तिसरा हिस्सा मशीनबाहेरच्या गोष्टींसाठी बाजूला ठेवा असं मी सांगेन. तो कमी पडतो, उरत नाही.

वीज. या आकाराच्या मशीनला स्पिंडलची मोटर साधारण १ ते २ हॉर्सपॉवरची, थ्री फेज असते. सिंगल फेजवर चालवायला २३० व्होल्ट सिंगल फेज इनपुट आणि थ्री फेज आउटपुट असलेला व्हीएफडी (मोटरची फ्रिक्वेन्सी बदलणारा ड्राइव्ह) घ्या, मोटरपेक्षा एक माप मोठा. ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेली मोटर २३० ला डेल्टामध्ये जोडावी लागते. त्यासाठी टर्मिनल बॉक्समध्ये सहा तारा बाहेर आलेल्या हव्यात. तीनच असतील तर आधी रिवाइंडिंगवाल्याकडून बाकीच्या बाहेर काढून घ्या. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झला कुलूपबंद करा. २०० मिमीचं व्हील २८०० आरपीएमला सुमारे २९ मीटर प्रति सेकंद धावतं. ६० हर्ट्झ दिलेत की ते ३५ वर जातं, आणि साध्या व्हिट्रिफाइड व्हीलची मर्यादा बहुधा ३३ च्या आसपास लिहिलेली असते. चकाचा सप्लाय आणि कुलंट पंप व्हीएफडीवर घेऊ नका, त्यांना वेगळी लाइन द्या. इलेक्ट्रोमॅग्नेटिक चक असेल तर चक बंद असताना स्पिंडल सुरूच होणार नाही असा इंटरलॉक घाला. आणि बाहेरचं जॉबवर्क पैसे घेऊन करणार असाल तर महावितरणकडून औद्योगिक जोडणी घ्या. घरगुती जोडणीवर धंदा केल्यास वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दंडाची आकारणी होऊ शकते.

जागेचा मुद्दा सोलापुरात विशेष आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर नुसती फरशी टाकली तर मशीनची लेव्हल वर्षातून दोनदा पळते. शेडच्या त्या कोपऱ्यातली काळी माती मुरूम लागेपर्यंत काढा, मुरूम-दगडाने दाबून भरा, त्यावर सळई घालून ६ इंच काँक्रीट करा, आणि हा चौथरा बाकी फरशीपासून फटीने वेगळा ठेवा. मशीनला पाय तीनच असतील तर सोपं, चार असतील तर चौथा शेवटी नुसता टेकवा. बोल्टने आवळू नका. आवळल्याने बेड पिळला जातो.

मागांच्या धक्क्यांचा त्रास होतोय की तुमच्याच व्हीलचा, हे पृष्ठभागावरच्या पट्ट्यांचं अंतर मोजून कळतं. टेबल मिनिटाला ६ मीटर, म्हणजे सेकंदाला १०० मिमी चालतंय असं धरा. २८०० आरपीएमचं व्हील बॅलन्स नसेल तर सेकंदाला सुमारे ४७ ठोके, म्हणजे पट्टे साधारण २ मिमीवर. १४४० आरपीएमच्या मोटरचा दोष असेल तर सुमारे ४ मिमीवर. मिनिटाला १२० पिकवर (धोट्याच्या फेऱ्यांवर) चालणाऱ्या मागाचा ठोका सेकंदाला दोन, म्हणजे पट्टे ५० मिमीवर. ५० मिमीचे पट्टे दिसत असतील तर व्हील बदलून काहीच होणार नाही. वेगळा चौथरा आणि मागाच्या भिंतीपासून जास्तीत जास्त अंतर हेच दोन उपाय, आणि तरीही शेवटचे फिनिश पास माग बंद असतानाचे ठेवा. रबरी पॅडवर फार विसंबू नका. ते बारीक थरथर खातात, मागाचा संथ धक्का तसाच पुढे देतात.

त्या कारखान्यातून येणारे कापसाचे तंतू ही दुसरी अडचण, आणि ती आगीची आहे. तेलकट झालेले तंतू व्हीलगार्डच्या मागे, मोटरवर, खिडकीच्या जाळीत साठतात आणि कोरडं ग्राइंडिंग करताना ठिणग्या नेमक्या तिकडेच जातात. ठिणग्यांच्या वाटेत पत्र्याची पेटी ठेवा, तंतू रोज झाडा, आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास शेड सोडून जाऊ नका.

उष्णतेचं गणित छोटं आहे. लोखंड मीटरला दर अंशाला ११.५ मायक्रॉन वाढतं. १०० मिमीचा ब्लॉक मायक्रोमीटरपेक्षा १० अंश गरम असेल तर ११.५ मायक्रॉनची चूक, म्हणजे तुमची सगळी टॉलरन्स गेली. खोली ४० अंशांवर असली तरी हरकत नाही, जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही एकाच तापमानाला आलेले हवेत. घासलेला जॉब लोखंडी टेबलावर २०–३० मिनिटं ठेवून मग मोजा. कॉलमवर थेट ऊन पडणारी खिडकी बंद करा, आणि मापाची कामं सकाळी उरका.

मशीन आणताना हेडखाली लाकडी ठोकळा घालून हेड त्यावर टेकवा, टेबल मध्ये आणून बांधा, व्हील आणि जमलं तर चकही उतरवा. हायड्रा क्रेनचा पट्टा बेडच्या खालून घ्यायचा. टेबलाला किंवा हेडला पट्टा लावून उचललेलं मशीन तिथल्या तिथे खराब होतं. उघड्या स्लाइडवर ग्रीस आणि वरून ताडपत्री, मग पावसाळा असो वा नसो.

जागेवर बसल्यावर लेव्हल करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, मग चक घासा. चकाचा तळ आणि टेबल ऑइलस्टोनने बुर काढून पुसलेलं हवं. मॅग्नेट चालू ठेवूनच घासायचं, इलेक्ट्रोमॅग्नेटिक असेल तर तासभर आधीपासून चालू ठेवून, म्हणजे तो तापून स्थिर झालेला असतो. ४६ ग्रिटचं (कणांचा आकार), एच किंवा आय ग्रेडचं (कडकपणा) मऊ व्हील, ताजं आणि जरा भरभर ड्रेस केलेलं. पूर्ण चकावर निळा मार्कर, ५ मायक्रॉनचे पास, भरपूर कुलंट, निळं गेलं की थांबा. चकातल्या पितळेच्या पट्ट्या व्हील भरतात, त्यामुळे मध्येच पुन्हा ड्रेस करावं लागलं तर कंटाळू नका.

व्हीलच्या बाबतीत पहिल्या वर्षी दोन पुरे: मऊ लोखंडाला ४६ ग्रिट के ग्रेड, हार्डन केलेल्या डाय स्टीलला पांढरं ४६ एच किंवा आय. कडक जॉबला मऊ व्हील, हा नियम उलटा वाटतो, पण कडक धातूवर कण लवकर बोथट होतात आणि ते गळून पडले नाहीत तर व्हील कापायचं सोडून रगडतं आणि जॉब जळतो. कार्बाइडला या दोन्हींपैकी कुठलंच चालत नाही, त्याला डायमंड. प्रत्येक व्हील बसवण्याआधी बोटावर टांगून लाकडी मुठीने वाजवा. खणखणीत आवाज हवा, बद्द आवाज आला तर ते व्हील तिथेच फोडून टाका, म्हणजे दुसरं कुणी बसवणार नाही. दोन्ही बाजूंना कागदी वॉशर, दोन्ही फ्लँज सारख्या व्यासाच्या आणि व्हीलच्या किमान एक तृतीयांश. सुरू करून एक मिनिट बाजूला उभं राहायचं, समोर नाही. ड्रेसरचा डायमंड व्हीलच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे, फिरण्याच्या दिशेला १०–१५ अंश कललेला, एका वेळी १०–२० मायक्रॉन. आणि डायमंड अधूनमधून फिरवून नवी धार पुढे आणा.

कुलंटला बोअरचं पाणी वापरू नका. सोलापूर भागातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यात कुलंट फाटतं, साबणासारखा साका नळीत बसतो आणि चकाखाली गंज धरतो. आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. ग्राइंडिंगचं सिंथेटिक कुलंट डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, साधारण २–३ टक्के. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं आणि कुलंट घट्ट होतं, तेव्हा वरून नुसतं मऊ पाणी घाला, कुलंट नको. रिफ्रॅक्टोमीटर (कुलंटचं प्रमाण दाखवणारं साधन) असेल तर आठवड्याला एकदा बघा. चार-पाच दिवस मशीन बंद राहणार असेल तर टेबल पुसून तेल फिरवा आणि चकावर तेलकट कागद टाका. पहिल्या पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास लेव्हल पुन्हा तपासा. दोन्ही वेळचे आकडे कॉलमच्या दाराच्या आत लिहून ठेवले तर चौथरा कुठल्या कोपऱ्यात हलतोय ते दुसऱ्या वर्षी कळतं आणि नेमका तोच पाय जुळवता येतो.